फोल्डरचं नाव मराठीत असलं की डीएलएल का सापडत नाही

प्रोग्राम सगळीकडे चालतो. मग एखाद्या वापरकर्तीच्या संगणकावर तो सुरू होतानाच आपटतो आणि लायब्ररी लोड झाली नाही असं सांगतो. फाइल जागेवर असते, तिच्यावर परवानग्या असतात, अँटिव्हायरसने तिला हात लावलेला नसतो. वेगळी असते ती एकच गोष्ट: विंडोजवरच्या खात्याचं नाव देवनागरीत आहे, त्यामुळे तिचं होम फोल्डर 'सी:\युझर्स\सुनीता' असं झालं आहे.

यावर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे 'इंग्रजी नावाचं नवीन खातं काढा'. हा सल्ला चुकीचा आहे. स्वतःच्या संगणकावर स्वतःच्या लिपीत नाव लिहिणं हा वापरणाऱ्याचा दोष नव्हे. दोष प्रोग्रामच्या आत एखाद-दुसऱ्या ओळीत असतो, आणि ती ओळ सापडली की दुरुस्ती बहुतेक वेळा छोटी असते. ती ओळ शोधायची कशी आणि तिथे नेमकं काय होतं, ते पाहू.

आधी नेटिव्ह लायब्ररी म्हणजे काय, हे दोन वाक्यांत. जावा, पायथन, सी शार्प अशा भाषांत लिहिलेल्या प्रोग्रामला डेटाबेस, चित्रं, यूएसबी, एन्क्रिप्शन अशा कामांसाठी सी किंवा सी++मध्ये लिहून आधीच मशीन कोडमध्ये बदललेला भाग लागतो. विंडोजवर त्या फाइलचं एक्स्टेन्शन डीएलएल, लिनक्सवर एसओ आणि मॅकवर डायलिब असतं. प्रोग्राम चालू असताना तिचा पाथ देऊन ती मेमरीत आणायची असते. या 'पाथ देऊन'मध्येच घोळ आहे.

एकाच फाइलला दोन दारं

विंडोज एनटीच्या घराण्यातल्या, विंडोज २०००पासूनच्या सगळ्या आवृत्त्या आतून यूटीएफ-१६ (युनिकोड १६-बिटच्या तुकड्यांत लिहिण्याची पद्धत) वापरतात. एनटीएफएस डिस्कवर फाइलचं नाव १६-बिटच्या एककांत साठवलं जातं. 'सुनीता' या नावात सहा कोड पॉइंट (युनिकोडने प्रत्येक चिन्हाला दिलेले क्रमांक) आहेत (स, उकार, न, दीर्घ वेलांटी, त, काना), म्हणजे डिस्कवर बारा बाइट. इथपर्यंत मराठी, जपानी, अरबी सगळं सारखंच आणि व्यवस्थित चालतं.

पण विंडोजमध्ये मजकूर घेणाऱ्या बहुतेक फंक्शनांची दोन रूपं आहेत. एकाच्या शेवटी 'डब्ल्यू' असतं, ते यूटीएफ-१६ घेतं. दुसऱ्याच्या शेवटी 'ए' असतं, ते बाइटांची माळ घेतं आणि आत जाऊन तिचं यूटीएफ-१६ करतं. लायब्ररी उघडणारं 'लोडलायब्ररी'ही असंच दुहेरी आहे. 'ए' रूपाला ते रूपांतर करताना एक तक्ता लागतो. त्याला ॲन्सी कोड पेज म्हणतात आणि तो संगणकाच्या सिस्टिम लोकेलवरून (भाषा आणि देश यांच्या सेटिंगवरून) ठरतो: पश्चिम युरोप आणि अमेरिकेसाठी १२५२, रशियनसाठी १२५१, जपानीसाठी ९३२, चीनमधल्या चिनीसाठी ९३६.

मराठीसाठी? काहीच नाही. विंडोजमध्ये मराठी आणि हिंदी या 'फक्त युनिकोड' भाषा आहेत, त्यांना ॲन्सी कोड पेज कधी दिलंच गेलं नाही. देवनागरी इस्कीसाठी (भारतीय लिपींसाठीच्या जुन्या ८-बिट मानकासाठी) ५७००२ हा क्रमांक आहे खरा, पण तो मजकुराच्या रूपांतरापुरता. सिस्टिमचं कोड पेज म्हणून तो निवडता येत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक संगणकांचं लोकेल 'इंग्रजी (भारत)' असतं आणि कोड पेज १२५२.

याचा परिणाम नीट लक्षात घ्यायला हवा. फ्रेंच माणसाच्या नावातलं तिरक्या रेघेचं अक्षर १२५२मध्ये आहे, त्यामुळे 'ए' दाराने जाणारा सदोष प्रोग्रामही त्याच्याकडे चालतो. जपानी माणसाच्या संगणकावर ९३२ आहे, तिथे जपानी नाव चालतं. म्हणजे परदेशातल्या चाचणीकर्त्याने 'आम्ही ॲस्कीबाहेरच्या (साध्या इंग्रजी १२८ चिन्हांपलीकडच्या) अक्षरांनी तपासलं, चालतं' असं म्हटलं तर ते खोटं नसतं. देवनागरीला मात्र कोणत्याही देशाच्या जुन्या ॲन्सी कोड पेजमध्ये जागाच नाही. म्हणून ही अडचण मराठी, हिंदी, तमिळ, बंगाली वापरणाऱ्यांना सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त बोचते.

रूपांतरात काय बिघडतं

बिघाडाचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींच्या खुणा वेगळ्या आहेत.

पहिला: यूटीएफ-१६ मधून १२५२ मध्ये उतरताना अक्षर सापडलं नाही, की त्या जागी प्रश्नचिन्ह येतं. 'सुनीता'ची सहा प्रश्नचिन्हं होतात. विंडोजमध्ये फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही, ते शोधासाठी राखून ठेवलेलं आहे. म्हणजे पाथ निव्वळ चुकीचा नव्हे, अशक्य होतो. मूळ अक्षरंही गेलेली असतात, ती परत मिळवता येत नाहीत.

दुसरा: प्रोग्राम यूटीएफ-८ (युनिकोड एकेका बाइटाच्या तुकड्यांत लिहिण्याची पद्धत) बाइट तयार करतो आणि ते 'ए' रूपाला देतो. यूटीएफ-८मध्ये देवनागरीच्या प्रत्येक कोड पॉइंटला तीन बाइट लागतात. 'व' म्हणजे २२४, १६४, १८१. देवनागरीच्या पट्ट्यातलं कुठलंही अक्षर घ्या, पहिला बाइट २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५ असतो. १२५२च्या तक्त्यात २२४ म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा रोमन ए, १६४ म्हणजे चलनाचं गोल चिन्ह ¤ आणि १६५ म्हणजे येनचं चिन्ह ¥. लॉगमध्ये दर तीन चिन्हांमागे ही जोडी दिसली, की निदान झालंच समजा: बाइट यूटीएफ-८चे आहेत आणि वाचणारा त्यांना १२५२ समजतो आहे. इथे माहिती शाबूत असते, फक्त वाचन चुकलेलं असतं.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. काही अक्षरांसाठी विंडोज प्रश्नचिन्ह न देता 'जवळचं' अक्षर देतं. संस्कृत नावं रोमन लिपीत शास्त्रीय पद्धतीने लिहिताना दीर्घ 'आ'साठी डोक्यावर आडवी रेघ दिलेला ए वापरतात. १२५२मध्ये तो नाही, म्हणून त्याचा साधा ए होतो. दोन फोल्डर शेजारी असतील, एक रेघेसह आणि एक विनारेघ, तर प्रोग्राम चूक न सांगता दुसऱ्याच फोल्डरमधली लायब्ररी उघडेल. हा सुरक्षेचा प्रश्न आहे. २०२४ साली पीएचपीच्या विंडोजवरच्या सीजीआय रूपात सापडलेली गंभीर त्रुटी याच 'जवळचं अक्षर' वागणुकीतून आली होती: चिनी आणि जपानी लोकेलमध्ये एका अदृश्य हायफनचा साधा हायफन झाला आणि कमांडला नको ते पर्याय जोडता आले. रूपांतर करावंच लागलं तर 'वाइडचार टू मल्टीबाइट'ला जवळचं अक्षर न वापरण्याचा फ्लॅग द्या आणि 'डीफॉल्ट अक्षर वापरलं का' हे सांगणारा शेवटचा पॅरामीटर तपासा. तो खरा आला की तिथेच थांबा, तसाच पाथ पुढे पाठवू नका.

जपानी कोड पेज ९३२ची आणखी एक खोड आहे: काही अक्षरांचा दुसरा बाइट ९२ असतो, म्हणजे बॅकस्लॅशचाच बाइट. बाइट मोजत पाथ तोडणारा कोड अशा अक्षराच्या मधोमध फोल्डर कापतो. आपल्याला याचा थेट त्रास नाही, पण कोड जगभर जाणार असेल तर ध्यानात असू द्या.

'फाइल आहे' असं उत्तर येऊनही लोड का होत नाही

इथे बहुतेकांचे तास वाया जातात. प्रोग्राममध्ये आधी 'फाइल अस्तित्वात आहे का' असं विचारलेलं असतं, उत्तर 'हो' येतं, आणि पुढच्याच ओळीत लोड करताना 'सापडली नाही'. कारण हे दोन प्रश्न दोन वेगळ्या दारांनी गेलेले असतात. जावाचंच उदाहरण घ्या. विंडोजवर जावाचे फाइलवर्ग डब्ल्यू रूपं वापरतात, म्हणून तपासणी पास होते. पण जेडीके ८मध्ये (जावाच्या जुन्या आवृत्तीत) 'सिस्टिम डॉट लोड'ला दिलेला पाथ आधी प्लॅटफॉर्मच्या एन्कोडिंगमध्ये बदलला जातो आणि मग आभासी यंत्र तो बाइटांच्या रूपात 'लोडलायब्ररी'च्या ए रूपाला देतं. पहिलं दार रुंद, दुसरं अरुंद. तेव्हा फाइल असल्याच्या तपासणीवरून लोड होईल की नाही याबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

प्रोग्राम तर 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये बसवला आहे, मग मराठी पाथ आला कुठून, असा प्रश्न पडेल. तो येतो टेम्प फोल्डरमधून. जावाच्या अनेक लायब्ररी आपली डीएलएल जार फाइलच्या पोटात ठेवतात. जारमधून थेट लोड करता येत नाही, म्हणून सुरू होताना ती डीएलएल टेम्प फोल्डरमध्ये काढली जाते आणि तिथून लोड होते. विंडोजवर वापरकर्त्याचं टेम्प फोल्डर त्याच्या होमच्या आत असतं: 'युझर्स\सुनीता\ॲपडेटा\लोकल\टेम्प'. खात्याचं दिसणारं नाव नंतर बदललं तरी हे फोल्डर बदलत नाही. ते खातं तयार होताना ठरतं. म्हणूनच 'नाव इंग्रजी केलं तरी तेच' अशी तक्रार येते.

त्रुटीचे आकडे वाचतानाही थोडं सावध राहा. १२६ म्हणजे 'मॉड्यूल सापडलं नाही'. पण मागितलेली डीएलएल नसली तरी १२६ येतो आणि ती मिळूनही तिला लागणारी दुसरी डीएलएल नसली तरी १२६च येतो. १२३ म्हणजे नावाची मांडणीच अवैध, आणि तो दिसला तर प्रश्नचिन्हांचा संशय आधी घ्या. १९३ आला तर अक्षरांचा संबंध नाही. ६४-बिटच्या प्रोग्रामने ३२-बिटची डीएलएल उघडायचा प्रयत्न केला आहे किंवा उलट.

सी आणि सी++मध्ये दुरुस्ती

तत्त्व एका ओळीचं आहे: विंडोजवर पाथ हातात आल्यापासून सिस्टिमला देईपर्यंत तो यूटीएफ-१६मध्येच राहू द्या. प्रत्यक्षात गळती तीन-चार ठरलेल्या जागी होते.

पाथ येतो तिथे. साध्या 'मेन'ला मिळणारे आर्ग्युमेंट आधीच ॲन्सी कोड पेजमध्ये उतरवलेले असतात, म्हणजे तुमची पहिली ओळ चालायच्या आधीच नुकसान झालेलं असतं. 'डब्ल्यूमेन' वापरा, नाहीतर कमांड लाइन डब्ल्यू रूपाने घेऊन तिचे तुकडे करा. स्वतःच्या प्रोग्रामचा पाथ विचारणारं 'गेटमॉड्यूलफाइलनेम', टेम्प फोल्डर विचारणारं 'गेटटेम्पपाथ' आणि एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल वाचणारं फंक्शन, हे तिन्ही डब्ल्यू रूपातच हवेत.

पाथ साठवला जातो तिथे. प्रोग्रामच्या आत सगळीकडे यूटीएफ-८ ठेवायचं ठरवलं असेल तर तेही चांगलंच आहे, फक्त वेशीवर 'मल्टीबाइट टू वाइडचार' यूटीएफ-८ क्रमांक ६५००१ देऊन बोलवा, अवैध बाइट दिसल्यास थांबण्याचा फ्लॅग द्या, आणि दोनदा बोलवा: पहिल्यांदा लांबी विचारायला, दुसऱ्यांदा भरायला. २६० बाइटांचा ठरावीक बफर ठेवू नका. २६० ही मर्यादा विंडोजने यूटीएफ-१६च्या एककांत मोजलेली आहे. यूटीएफ-८मध्ये तोच देवनागरी पाथ जवळजवळ तिप्पट जागा घेतो आणि मधेच कापला जातो.

सी++१७ मधला 'फाइलसिस्टिम पाथ' हा प्रकार विंडोजवर आतून रुंद अक्षरंच ठेवतो. तो वापरत असाल तर 'सी_एसटीआर'ने मिळणारा रुंद पॉइंटर थेट लोड करणाऱ्या फंक्शनला द्या. त्यावर 'स्ट्रिंग' हे फंक्शन बोलावू नका. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये ते ॲन्सीमध्ये उतरवायला जातं आणि देवनागरी दिसली की १११३ क्रमांकाची एक्सेप्शन फेकतं. लॉग लिहिण्यासाठी म्हणून घातलेल्या त्या एका ओळीने आख्खा प्रोग्राम बंद पडतो.

पाथ दिला जातो तिथे. 'लोडलायब्ररीईएक्स'चं डब्ल्यू रूप, पूर्ण पाथ, बॅकस्लॅशसह. फ्लॅग दोन: डीएलएल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे तिच्या अवलंबित डीएलएल शोधा, आणि नेहमीच्या सुरक्षित जागी शोधा. यातला पहिला फ्लॅग अपुऱ्या पाथसोबत दिला तर ८७ ही त्रुटी येते, म्हणून पाथ पूर्णच हवा. हे फ्लॅग न देता 'पाथ' व्हेरिएबलमध्ये आपलं फोल्डर जोडण्याची जुनी सवय सोडा. तिथे पाथ पुन्हा ॲन्सीच्या दाराने जाण्याचा धोका असतो.

एक बारकावा मात्र विसरू नका. डीएलएलच्या आत 'मला अमुक डीएलएल हवी' असं जे लिहिलेलं असतं, ते साध्या एक-बाइटी अक्षरांत असतं. म्हणून डीएलएलच्या फाइलचं स्वतःचं नाव ॲस्कीतच ठेवा. फोल्डर वापरणाऱ्याचं, त्याला हवं ते नाव तो देईल. फाइल तुमची, तिचं नाव तुम्ही साधं ठेवू शकता.

जावाच्या बाजूने जेएनआयमधून (जावा आणि सी यांना जोडणाऱ्या दुव्यातून) पाथ घेताना दोन खड्डे आहेत. 'गेटस्ट्रिंगयूटीएफचार्स' जे देतं ते खरं यूटीएफ-८ नसतं, जावाचं स्वतःचं बदललेलं रूप असतं. देवनागरीसाठी दोन्ही सारखेच, त्यामुळे चाचणीत चूक दिसत नाही. पण मोडी लिपी युनिकोडमध्ये २०१४ साली आली ती मूळ ६५,५३६ च्या पट्ट्याबाहेर. मोडीतल्या एका अक्षराला खऱ्या यूटीएफ-८मध्ये चार बाइट लागतात आणि जावाच्या रूपात सहा. इमोजीचंही तेच. विंडोजवर हा प्रश्न टाळायचा तर यूटीएफ-१६ थेट घ्या, पण 'गेटस्ट्रिंगचार्स'ने मिळणाऱ्या माळेच्या शेवटी शून्य असेलच याची खात्री दिलेली नाही. लांबीपेक्षा एकाने मोठा बफर घ्या, 'गेटस्ट्रिंगरीजन'ने भरा आणि शेवटी शून्य स्वतः ठेवा.

मॅनिफेस्टचा सोपा मार्ग, आणि त्याची मर्यादा

मे २०१९च्या विंडोज १० आवृत्ती १९०३पासून ईएक्सईच्या मॅनिफेस्टमध्ये (ईएक्सईसोबत जाणाऱ्या सेटिंगच्या फाइलमध्ये) 'ॲक्टिव्ह कोड पेज' यूटीएफ-८ असं लिहिता येतं. मग त्या प्रोसेसपुरतं ए रूप यूटीएफ-८ समजतं आणि जुना कोड न बदलता देवनागरी पाथ चालू लागतात. जुना मोठा प्रोग्राम हातात असेल तर हा फार मोलाचा उपाय आहे. पण तो निर्णय ईएक्सईचा असतो, डीएलएलचा नाही. तुम्ही प्लगइन किंवा लायब्ररी लिहीत असाल तर तुमच्या मॅनिफेस्टला इथे किंमत नाही; यजमान प्रोग्राम कोणता कोड पेज घेऊन बसला आहे ते तुम्हाला माहीत नसतं. लायब्ररी लिहिणाऱ्याने डब्ल्यू रूपच वापरावं.

सगळ्या संगणकासाठी यूटीएफ-८ चालू करण्याची 'बीटा' खूणही सिस्टिम लोकेलच्या खिडकीत आहे. निदानासाठी ती चांगली: खूण केली, संगणक पुन्हा सुरू केला आणि प्रोग्राम चालला, तर दोष ए रूपाचाच. ग्राहकाला कायमचा उपाय म्हणून मात्र ती सांगू नका. आपल्याकडे अजून कित्येक छापखान्यांत आणि कार्यालयांत जुन्या ८-बिट मराठी फॉन्टांवर चालणारी सॉफ्टवेअर आहेत. ती मराठी अक्षरं १२८च्या पुढच्या एकेका बाइटावर बसवतात. यूटीएफ-८ चालू झालं की ते बाइट अवैध ठरतात आणि मजकूर बिघडू शकतो.

लघुनावाची युक्तीही प्रचलित आहे: 'गेटशॉर्टपाथनेम'च्या डब्ल्यू रूपाने आठ अधिक तीन अक्षरांचं जुनं नाव मिळवायचं आणि ते ए रूपाला द्यायचं. बाहेरच्या लायब्ररीचा कोड बदलता येत नसेल तेव्हा ती कामाला येते. पण लघुनावं त्या डिस्कवर बंद केलेली असू शकतात. ती आहेत का हे 'एफएसयूटिल ८डॉट३नेम क्वेरी' सांगतं. नसली तर फंक्शन चूक न देता लांब नावच परत देतं. उत्तर आल्यावर त्यातलं प्रत्येक अक्षर १२८च्या आत आहे का हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कोड आपला नसेल तेव्हा

वापरकर्त्याला आजच काम हवं असेल, तर टेम्पची जागा बदलणं हा सगळ्यात सरळ मार्ग आहे. जावाला सुरू करताना 'जावा डॉट आयओ डॉट टीएमपीडिर' वेगळं देता येतं. अनेक लायब्ररींना स्वतःची सोयही आहे: जेएनएला 'जेएनए डॉट टीएमपीडिर', एस्क्यूलाइटच्या जेडीबीसी ड्रायव्हरला 'ओआरजी डॉट एस्क्यूलाइट डॉट टीएमपीडिर', नेटीला 'आयओ डॉट नेटी डॉट नेटिव्ह डॉट वर्कडिर'. नवीन जागा निवडताना सगळ्यांना लिहिता येईल असं सामाईक फोल्डर घेऊ नका. तुमची डीएलएल जिथून लोड होते तिथे दुसऱ्याला फाइल ठेवता आली, तर तो तुमच्या प्रोग्रामच्या नावाने आपला कोड चालवेल. फोल्डर त्या एकाच वापरकर्त्याला लिहिता येईल असं करा.

'फाइल डॉट एन्कोडिंग' यूटीएफ-८ करा, हा सल्ला सगळीकडे सापडतो. त्याने फाइलमधला मजकूर वाचण्याचं एन्कोडिंग बदलतं, फाइलच्या नावाचं नाही. नावांसाठी 'सन डॉट जेएनयू डॉट एन्कोडिंग' हा वेगळा गुणधर्म आहे आणि तो सिस्टिमवरून ठरतो. बाहेरून देणं अधिकृत नाही. जेडीके १८ने डीफॉल्ट यूटीएफ-८ केलं तेही मजकुरापुरतंच.

पायथनमध्ये चित्र बरंच बरं आहे. 'सीटाइप्स' विंडोजवर डब्ल्यू रूपच वापरतं. पायथन ३.८ पासून अवलंबित डीएलएल 'पाथ' व्हेरिएबलमध्ये शोधल्या जात नाहीत, त्यामुळे तेव्हापासून आलेल्या १२६चं कारण अक्षरं नसून हे असू शकतं; 'ॲड_डीएलएल_डिरेक्टरी'ने फोल्डर सांगा. डॉट नेटमध्ये लायब्ररी स्वतः नीट लोड होते, पण सी शार्पमध्ये 'डीएलएल इम्पोर्ट' लिहिताना अक्षरसंच सांगितला नाही तर फंक्शनला दिलेली स्ट्रिंग ॲन्सीमध्ये उतरते. पाथ घेणाऱ्या फंक्शनला युनिकोड स्पष्ट लिहा.

आणि लोड झालं म्हणजे संपलं नाही. आत गेलेली लायब्ररी पुढे 'एफओपन'ने फाइल उघडत असेल तर तेही ॲन्सी दार आहे. ओपनसीव्हीचं 'इमरीड' विंडोजवर देवनागरी पाथ दिल्यावर रिकामं चित्र परत देतं, ते यामुळे. तिथे बाइट पायथनने वाचा आणि 'इमडीकोड'ला द्या. एस्क्यूलाइटने उलट, डेटाबेस उघडणाऱ्या नेहमीच्या फंक्शनला नाव यूटीएफ-८मध्येच द्यायचं असं ठरवून टाकलं आहे. लायब्ररी लिहिणाऱ्यांनी असा एक नियम ठरवून तो ठळकपणे लिहावा.

लिनक्स: बाइट तसेच, पण लोकेल नसलं तर

लिनक्सच्या कर्नलला फाइलचं नाव म्हणजे फक्त बाइट. तिरकी रेघ (/) आणि शून्य बाइट सोडून सगळं चालतं, आणि 'डीएलओपन' ते बाइट जसेच्या तसे पुढे देतं. म्हणून सीमधल्या प्रोग्रामला तिथे सहसा अडचण येत नाही. अडचण वरच्या भाषेची होते. कंटेनरमध्ये 'लँग' दिलेलं नसलं की लोकेल 'सी' होतं, जुनी जावा नावांसाठी ॲस्की धरते आणि देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. 'एलसी_ऑल'ला 'सी डॉट यूटीएफ-८' द्या. डेबियनसारख्या वितरणांत ते पूर्वीपासून आहे आणि जीलिबसीच्या मूळ शाखेत २०२२च्या २.३५पासून. सिस्टिमडीच्या सर्व्हिस फाइलमध्येही ते वेगळं लिहा, कारण टर्मिनलमधलं लोकेल सर्व्हिसला मिळत नाही.

लांबीही बघा. लिनक्सवर एका नावाला २५५ बाइट मिळतात, म्हणजे देवनागरीचे ८५ कोड पॉइंट, आणि त्यात प्रत्येक काना-मात्रा, हलंत वेगळा मोजायचा. एनटीएफएसवर हीच मर्यादा २५५ एककांची आहे. विंडोजवर मजेत राहणारं शंभर कोड पॉइंटांचं नाव लिनक्सवर उतरवताना 'नाव फार लांब' म्हणून अडतं.

'दुसऱ्या'मधला ऱ

मराठीला खास लागू होणारी एक गोष्ट इथे बारकाईने बघण्यासारखी आहे. 'दुसऱ्या' हा शब्द पडद्यावर एकच दिसतो, पण बाइट तीन तऱ्हेचे असू शकतात. पहिल्यात ऱ हा स्वतंत्र कोड पॉइंट, क्रमांक ०९३१. एकूण सात कोड पॉइंट, २१ बाइट. दुसऱ्यात साधा र आणि त्याखाली नुक्ता (खालचं टिंब); आठ कोड पॉइंट, २४ बाइट. तिसऱ्यात र, हलंत आणि एक अदृश्य जोडक, मग या. तेही २४ बाइट, पण वेगळे.

मॅकची जुनी एचएफएस प्लस डिस्क नाव साठवताना पहिल्याचं दुसऱ्यात रूपांतर करते. तिथे बनवलेलं आर्काइव्ह लिनक्सवर उघडलं, की फोल्डर नुक्त्याचं होतं आणि कॉन्फिग फाइलमध्ये टाइप केलेलं नाव ०९३१चं राहतं. डोळ्यांना दोन्ही एक, लोडरला दोन. मॅकची नवी एपीएफएस डिस्क दिलेलं नाव जपते आणि तुलना करताना पहिली दोन रूपं एकच मानते. लिनक्सची नेहमीची एक्सट४ आणि विंडोजची एनटीएफएस मानत नाहीत. नॉर्मलायझेशन (एकाच मजकुराची समान धरलेली रूपं एकसारखी करणं) करूनही तिसरं रूप पहिल्याशी जुळतच नाही, कारण युनिकोड त्यांना समान धरत नाही.

म्हणून पाथ उघडण्याआधी 'साफ' करू नका. फोल्डरची यादी वाचा, तुलनेपुरतं दोन्ही नावांचं नॉर्मलायझेशन करा, आणि उघडताना डिस्कने दिलेलं नाव जसंच्या तसं वापरा.

शोध आणि चाचणी

विंडोजवर सिसइंटर्नल्सचं 'प्रोसेस मॉनिटर' लावा, प्रोसेसच्या नावाने गाळा आणि पाथच्या शेवटी डीएलएल असलेल्या ओळी बघा. प्रश्नचिन्हं असलेला पाथ आणि 'नेम इनव्हॅलिड' दिसलं तर पहिला प्रकार. विचित्र चिन्हं आणि 'पाथ नॉट फाउंड' दिसलं तर दुसरा. पाथ अचूक आणि निकाल 'सक्सेस' असून पुढे दुसरीच डीएलएल सापडत नसेल, तर ती हरवलेली अवलंबित फाइल. अक्षरांमागे वेळ घालवू नका. कोड पेज बघायला 'सीएचसीपी' वापरू नका, ते कन्सोलचं कोड पेज सांगतं. ॲन्सीचं मूल्य रजिस्ट्रीत 'एनएलएस'च्या 'कोडपेज' किल्लीखाली 'एसीपी' नावाने आहे. लिनक्सवर 'एसट्रेस'ने 'ओपनॲट' कॉल बघा. तो बाइट अष्टमानात छापतो, त्यामुळे देवनागरी \३४०\२४४ किंवा \३४०\२४५ अशी सुरू होते.

चाचणीसाठी वेगळं स्थानिक खातंच बनवा, नुसतं फोल्डर पुरत नाही, कारण टेम्प आणि होम तेव्हाच खऱ्या अर्थाने बदलतात. त्याशिवाय पाच फोल्डर ठेवा: १२५२मध्ये असलेलं फ्रेंच अक्षर, साधं देवनागरी नाव, ऱ असलेलं नाव, मोडी किंवा इमोजी, आणि मधे जागा सोडलेलं मराठी नाव. पहिलं चालून दुसरं अडलं तर ए रूप आहे. दुसरं चालून चौथं अडलं तर जावाचं बदललेलं यूटीएफ-८ किंवा १६-बिटचं एकच एकक धरणारा कोड आहे. तिसरं फक्त मॅकवरून आणल्यावर अडलं तर नॉर्मलायझेशन. पाचवंच अडत असेल तर कुठेतरी कमांड लाइन अवतरणचिन्हांशिवाय जोडली जाते आहे, आणि ती चूक इंग्रजी नावांनाही नडेल.